पहिल्या महायुद्धातल्या व्हीएडी परिचारिकेचा पोशाख: बेतण्यापासून खळ करण्यापर्यंत

व्हीएडी म्हणजे पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या रुग्णालयांत मदतीला गेलेल्या स्वयंसेविका. त्यांचा हा पोशाख शिवायला घेणाऱ्या बहुतेक जणी निळ्या झग्यापासून सुरुवात करतात. पहिल्या वेळी मीही तेच केलं होतं. आता कोणी विचारलं तर सांगते, आधी पांढऱ्याचा विचार करा. कॉलर, कफ, बाहीवरच्या खोळी, एप्रन आणि टोपी या पाच पांढऱ्या गोष्टी अंगावरून सुट्ट्या निघतात. त्या रोज बदलायच्या, उकळायच्या, नीळ-खळ करून इस्त्री करायच्या. निळा झगा त्यांच्याखाली झाकलेला असल्यामुळे रोज धुवावा लागत नसे. रक्त, पू, जंतुनाशकं आणि सांडलेलं सूप हे सगळं पांढऱ्यावर पडायचं आणि पांढऱ्यासोबत धुलाईला जायचं. या पोशाखाची सगळी रचना धुण्यासाठी आहे. कुठे कसली शिलाई घ्यावी, कुठे बटण लावावं, कापड कोणतं घ्यावं, असा प्रश्न पडला की ‘हे उकळून निघेल का?’ एवढंच स्वतःला विचारायचं. उत्तर बहुतेक वेळा तिथेच मिळतं.

मी इंग्लंडमध्ये राहते आणि पहिल्या महायुद्धाच्या काळाचं रीएनॅक्टमेंट करणाऱ्यांबरोबर, म्हणजे त्या काळचे कपडे घालून तो काळ लोकांपुढे उभा करणाऱ्यांबरोबर, उन्हाळ्यात उभी राहते. कापड मात्र दर फेरीला पुण्या-मुंबईहून आणते, कारण साधं, बिनमिश्रणाचं सुती कापड तिथे सहज मिळतं. खालची मापं भारतात मिळणाऱ्या ४४ इंची पन्ह्याच्या हिशेबाने दिली आहेत.

आधी ठरवा, तुम्ही कोण आहात

‘जुन्या काळची नर्स’ असा एक पोशाख नसतो. ब्रिटनमध्ये १९०९ साली व्हॉलंटरी एड डिटॅचमेंट, म्हणजे व्हीएडी, ही योजना सुरू झाली. रेड क्रॉस आणि सेंट जॉन ॲम्ब्युलन्स या दोन्ही संस्था त्यात होत्या. युद्ध सुरू झाल्यावर हजारो मुली या पथकांतून रुग्णालयांत गेल्या. परदेशी जायचं तर वय किमान २३ हवं असा नियम होता. या मुली प्रशिक्षित परिचारिका नव्हत्या. प्रथमोपचार आणि शुश्रूषेचे छोटे अभ्यासक्रम करून आलेल्या त्या मदतनीस होत्या. लष्कराच्या पूर्ण प्रशिक्षित सिस्टर वेगळ्या.

हा फरक कपड्यांतून दिसायचा, आणि तोच चुकला तर बाकी कितीही सुबक शिवलं तरी जाणत्या माणसाला खटकतं. रेड क्रॉसच्या व्हीएडीचा झगा निळा आणि एप्रनच्या छातीवर लाल क्रॉस. सेंट जॉनच्या व्हीएडीचा झगा राखाडी आणि एप्रन कोरा. रेड क्रॉसच्या कमांडंटचा झगा लाल. लष्कराच्या कायम सेवेतल्या, म्हणजे क्वीन अलेक्झांड्राज इम्पीरियल मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसच्या सिस्टरचा झगा राखाडी आणि खांद्यावर लाल केप. त्यांच्याच राखीव दलाची केप राखाडी, लाल किनारीची. टेरिटोरियल फोर्सच्या, म्हणजे अर्धवेळ स्वयंसेवक सैन्याच्या सिस्टरची केप निळसर राखाडी, लाल किनारीची आणि टोकांना चांदीचा ‘टी’. व्हीएडीच्या झग्यावर लाल केप टाकून मिरवणं म्हणजे शिपायाने कर्नलची पट्टी लावण्यासारखं आहे.

मराठी वाचकांपैकी काही जण हा पोशाख आपल्याकडच्या प्रसंगासाठी शिवतील. त्यासाठी जागा आहेत. मेसोपोटेमियाच्या आघाडीवर मराठा पलटणी लढल्या, आणि तिथले जखमी जहाजांनी मुंबईला येत. आज आपण छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणतो ती इमारत १९२२ साली संग्रहालय म्हणून खुली झाली. त्याआधी युद्धकाळात तिथे लष्करी रुग्णालय होतं. एक सावधगिरी मात्र घ्या. ब्रायटनच्या रॉयल पॅव्हिलियनमध्ये डिसेंबर १९१४ पासून हिंदी सैनिकांसाठी रुग्णालय चाललं. हिंदी सैनिकाच्या उशाशी बसून त्याला भरवणारी गोरी परिचारिका असा प्रसंग तिथला म्हणून बसवू नका. तिथे बायकांना फक्त देखरेखीचं काम होतं, अंगाला हात लावून करायची शुश्रूषा पुरुष ऑर्डर्लींकडे, म्हणजे रुग्णालयातल्या मदतनीसांकडे होती, आणि पुढे त्या देखरेख करणाऱ्या परिचारिकाही काढून घेतल्या गेल्या.

लाल क्रॉसबद्दल, सुई हातात घेण्याआधी

रेड क्रॉसचं चिन्ह ही सजावट नाही. जिनिव्हा करारांनी त्याला संरक्षण आहे. ब्रिटनमध्ये १९५७ चा आणि भारतात १९६० चा जिनिव्हा कन्व्हेन्शन्स ॲक्ट आहे, आणि परवानगीशिवाय ते चिन्ह वापरणं दोन्हीकडे कायद्याने मना आहे. नाटकासाठी, प्रदर्शनासाठी म्हणून आपोआप सूट मिळते असं गृहीत धरू नका. आयोजकांकडे लेखी परवानगी असेल तरच क्रॉस लावा. नसेल तर दोन रस्ते आहेत. निळ्या झग्यावर कोरा एप्रन घालायचा आणि विचारणाऱ्याला कारण सांगायचं, किंवा सरळ सेंट जॉनचा राखाडी पोशाख शिवायचा. नव्याने सुरुवात करणारीला मी राखाडीच सुचवते. बेत तोच, कापड तेवढंच, आणि एक काळजी कमी.

परवानगी असली तरी क्रॉस एप्रनवर कायमचा शिवू नका. पांढऱ्या चौकोनी तुकड्यावर शिवून तो तुकडा चार चोरबटणांनी एप्रनला लावा. कार्यक्रम संपला की काढून ठेवता येतो. जत्रेच्या गर्दीत कोणाला खरोखर चक्कर आली तर लोक क्रॉस पाहून तुमच्याकडेच धावतील, आणि तेव्हा तुमच्या ट्रेमध्ये काचेच्या रिकाम्या बाटल्या असतील.

कापड

झग्यासाठी मध्यम वजनाचं, साध्या विणीचं, शंभर टक्के सुती कापड. पॉपलीन चालतं, पण फार चकाकणारं नको. हातमागाचं किंवा जरा भरीव केंब्रिक जास्त शोभतं. टेरिकॉट, पॉलिकॉटन टाळा. तसलं कापड तेव्हा नव्हतं, हे एक कारण. दुसरं, ते सुतासारखं पडत नाही आणि कडक इस्त्रीला टिकत नाही. निळ्याची नेमकी छटा शोधत महिनोन्‌महिने फिरू नका. युद्धापूर्वी ब्रिटन कृत्रिम रंगांसाठी फार मोठ्या प्रमाणावर जर्मनीवर अवलंबून होता, १९१४ मध्ये तो पुरवठा तुटला आणि रंगांची टंचाई झाली. त्यात धुऊन धुऊन फिकं होणं आलंच. म्हणून नेव्ही ब्लू नको आणि आकाशी नको, त्यांच्या मधला कोणताही शांत निळा चालेल.

पांढऱ्यासाठी एप्रनला लाँगक्लॉथ किंवा भरीव केंब्रिक, टोपीला पातळ केंब्रिक, कॉलर-कफला शक्य तर लिनन. छाती ३६, कंबर ३०, सीट ४०, उंची ५ फूट ३ इंच अशा बाईसाठी झग्याला साडेपाच मीटर, प्रत्येक एप्रनला तीन मीटर, टोपी, खोळी, कॉलर आणि कफ मिळून दोन मीटर लागतं. एप्रन दोन शिवा, कारण दोन दिवसांच्या कार्यक्रमात पहिला दुपारपर्यंत मळतो. शिवाय कच्च्या नमुन्यासाठी तीन मीटर मांजरपाट.

सगळं कापड बेतण्याआधी दोनदा गरम पाण्यात धुवा. पांढरं तर उकळाच. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, काही दुसऱ्यातही आटतं. माझा पहिला झगा पहिल्या धुण्यात लांबीला दोन इंच आखडला, आणि तो घोट्यावरून थेट नडगीवर गेला.

लाल कापडाची परीक्षा वेगळी घ्या. ओल्या पांढऱ्या चिंधीवर ठेवून वरून कडक इस्त्री फिरवा. चिंधीवर गुलाबी उमटलं तर ते कापड परत करा. मी एका दुकानदाराच्या ‘रंग पक्का आहे’ या शब्दावर विसंबले आणि संपूर्ण एप्रनची छाती गुलाबी झाली. तो डाग नंतर कशानेही गेला नाही.

आतले कपडे आणि मापं

त्या काळचा झगा आजच्या अंतर्वस्त्रांवर नीट बसत नाही. १९१४ ते १९१८ मधलं कॉर्सेट लांब, पुढून सपाट, आणि छातीखाली संपणारं असे. कंबर आवळण्यापेक्षा कमरेखालचा भाग सपाट आणि सरळ करणं हे त्याचं काम. ते शिवायला स्वतंत्र लेख हवा. नसेल तर घट्ट सुती बॉडीस आणि वरून बिनघेराचा परकर एवढं तरी घाला. परकर साडीखालचा चालेल, फक्त नाडीची गाठ बाजूला घ्या, पुढे फुगवटा दिसतो. मापं हे सगळं अंगावर चढवून, बूट घालून घ्या.

छाती, कंबर, सीट, पाठीची लांबी मानेच्या हाडापासून कंबरेपर्यंत, खांदा, मुंढा, बाहीची लांबी कोपर वाकवून, मनगट, गळ्याचा घेर, आणि कंबरेपासून जमिनीपर्यंतची उंची. शेवटच्या मापातून पाच इंच वजा करा म्हणजे स्कर्टची लांबी आली. युद्धाच्या सुरुवातीचा पोशाख करत असाल तर तीनच इंच वजा करा. युद्ध पुढे सरकलं तसा बायकांचा स्कर्ट वर गेला.

स्कर्ट

इथे चार भाग आहेत. पुढे एक कळी, दोन बाजूंना दोन कळ्या, मागे एक सरळ पट्टा. वर दिलेल्या मापांच्या बाईसाठी स्कर्टची तयार लांबी ३४ इंच धरू. पुढची कळी वर ८ आणि खाली २२ इंच, बाजूची प्रत्येक वर ७ आणि खाली २४, मागचा पट्टा सरळ ३६ इंच. मागच्या पट्ट्याच्या ३६ इंचांना चुण्या घालून वर ९ इंच करायचे. म्हणजे ८ अधिक ७ अधिक ७ अधिक ९, कंबर ३१ भरते, एक इंच सैल. खाली घेर १०६ इंच येतो. वॉर्डात भराभर चालायला, गुडघ्यावर बसायला एवढा हवा. प्रत्येक शिलाईला अर्धा इंच दाब, खाली साडेतीन इंच दुमड धरून ३८ इंच लांबीचे तुकडे कापा. बाजूच्या दोन कळ्या एक सुलटी, एक उलटी ठेवल्या की एकाच पन्ह्यात बसतात. कापड छापील किंवा एका दिशेचं नसल्यामुळे तसं चालतं.

पुढची कळी दुमडून मधोमध वरून खाली १० इंच चीर द्या आणि तिला पट्टी लावा. कुर्त्याच्या गळ्याला लावतो तशीच. झगा पुढून उघडतो, ही चीर एप्रनखाली झाकली जाते. चेन अजिबात नको, त्या काळच्या झग्यांना ती नव्हती.

उभ्या शिलाया कशा घ्यायच्या? ओव्हरलॉक दिसायला नको आणि धागे निघायलाही नकोत. पुरुषी शर्टाच्या बगलेला असते ती दुहेरी टिपेची शिलाई घ्या. एक दाब अर्धा कापून दुसरा त्यावर दुमडून वरून टीप मारायची. ही शिलाई कितीही उकळली तरी सुटत नाही. शिलाई यंत्र वापरायला अजिबात संकोच नको. १९१४ मध्ये ते घरोघर होतं. सरळ टीप, सुती दोरा, टाका बारीक, एवढं पाळा. खालची दुमड शेवटी, झगा अंगावर घालून, दुसऱ्या कोणाकडून जमिनीपासून पट्टीने मोजून घ्या.

वरचा भाग

साध्या सैल ब्लाऊजचा बेत घ्या. छातीशी पाठ अखंड २० इंच, पुढचे दोन भाग प्रत्येकी ११ इंच आणि वर बटणपट्टीसाठी दीड-दीड इंच. एकूण ४२, म्हणजे सहा इंच सैल. हल्लीच्या नजरेला हे फार वाटेल, पण कॉर्सेटवरचा वरचा भाग चिकटून बसत नसे. पुढच्या भागांची लांबी कंबरेपेक्षा दीड इंच जास्त ठेवा, त्यामुळे कंबरपट्टीवर तो किंचित फुगून पडतो. डार्ट नाहीत. पुढच्या प्रत्येक ११ इंचांना कंबरेशी चुण्या घालून ८ करा, पाठीच्या २० च्या १५. सोळा आणि पंधरा, पुन्हा ३१. स्कर्टच्या कंबरेशी जुळलं.

खांद्यावर पाठीला योक, म्हणजे वेगळा जोडलेला आडवा तुकडा, द्या, चार इंच खोल, दुहेरी कापडाचं. एप्रनचे पट्टे दिवसभर इथे घासतात. पहिल्या झग्याला मी योक दिलं नव्हतं, दुसऱ्या उन्हाळ्यात खांद्याचं कापड विरलं.

आधी मांजरपाटावर हा भाग शिवून अंगावर घाला. दोन्ही हात समोर घ्या, जणू पलंगावरची चादर ताणताय. मग खाली वाका. पाठीवर ओढ बसली तर मुंढ्याची खोली कमी करा. लोक उलट करतात, मुंढा मोठा करतात. खोल मुंढ्याने हात उचलला की सगळा झगा वर येतो. मुंढा काखेच्या जवळ असला की हात मोकळा राहतो.

गळ्याला सव्वा इंच उंचीची उभी पट्टी, तीही दुहेरी. तिला तीन काजं. पुढच्या दोन टोकांना एक-एक, मागे मधोमध एक. सुटी कॉलर यांत स्टडने, म्हणजे दोन्ही टोकांना चकती असलेल्या सुट्या बटणाने, बसते. पुढे पाच-सहा साधी पांढरी किंवा शिंपल्याची चपटी बटणं. प्लॅस्टिकची बटणं जवळून ओळखू येतात.

बाही वर १७ इंच रुंद, खांद्याच्या माथ्यावर अगदी थोड्या चुण्या, फुगा नको. फुग्याची फॅशन वीस वर्षं आधीच गेली होती. मनगटाशी चुण्या घालून दोन इंची पट्टीत बसवा, आणि तीन इंच चीर ठेवा. पट्टी इतकी सैल हवी की बटण काढून बाही कोपराच्या वर सरकवता येईल.

आता कंबरपट्टी. दीड इंच रुंद, दुहेरी, वर वरचा भाग आणि खाली स्कर्ट, दोन्हीच्या चुण्या तिच्यात बंद. पुढे दोन मजबूत हूक.

कॉलर, कफ, खोळी

सुटी कॉलर गळपट्टीपेक्षा अर्धा इंच लांब हवी, नाहीतर स्टड लावताना गळा आवळतो. उंची पावणेदोन ते दोन इंच. लिननचे तीन थर घ्या. मधला थर शिलाईच्या दाबाएवढा लहान कापा म्हणजे कडेला गाठोडं होत नाही. चिकटवायचं बक्रम वापरायचा मोह होतो. वापरलं तर उकळू नका, बुडबुडे येतात. तीन थर लिनन आणि खळ याने कॉलर पुठ्ठ्यासारखी उभी राहते, माझा शब्द घ्या. काजं हाताने, दोऱ्याला मेण लावून, दाट घाला.

कफ तीन इंच रुंद, सरळ, तीन थरांचे, दोन टोकांना काजं. प्रत्यक्ष काम करताना ते काढून ठेवत, बाही वर सरकवून पांढऱ्या खोळी चढवत. खोळ म्हणजे मनगटापासून कोपराच्या वर जाणारी साधी नळी, १५ इंच लांब, १६ इंच घेराची, दोन्ही टोकांना नेफा. इलॅस्टिक घाला, पण नेफ्यात एक इंच जागा उघडी ठेवा म्हणजे धुताना ते काढता येईल. जखमा धुवायला त्या युद्धात डेकिनचं द्रावण वापरलं जाई. ते मुळात सौम्य ब्लीचच. निळ्या बाहीवर त्याचे थेंब पडले तर काय होईल हे धुणं धुणाऱ्याला सांगायला नको. खोळींचं कारण तिथे कळतं.

एप्रन

एप्रनला मी सगळ्यात जास्त वेळ देते, कारण पाहणाऱ्याला ऐंशी टक्के एप्रनच दिसतो. तो स्वयंपाकघरातल्यासारखा पुढे बांधायचा तुकडा नाही. तो जवळजवळ पूर्ण अंगाभोवती येतो.

लांबी झग्यापेक्षा दोन इंच कमी, म्हणजे तयार ३२. दुमड धरून ३६ इंचांचे दोन पन्हे कापा. एक अख्खा पुढे. दुसरा उभा मधोमध फाडून दोन्ही बाजूंना एक-एक. कात्रीने न कापता फाडा, कापड धाग्यावर सरळ फाटतं आणि एप्रन एका बाजूला लोंबत नाही. जोडताना किनारीला किनार लावा, मग आतून काही दुमडायलाच नको. खाली तीन इंचांची दुमड, बाजूंना अर्धा इंच.

पुढे मधोमध आठ इंच चुण्यांशिवाय सपाट सोडा आणि उरलेल्या कापडाला चुण्या घाला, मागच्या बाजूला जास्त. कंबरपट्टी ३४ इंच लांब, अडीच इंच रुंद, मागे तीन इंच एकमेकांवर येऊन दोन बटणांनी बंद. पट्टीच्या आत लाँगक्लॉथचा आणखी एक थर घाला. मग ती घडी पडून वळत नाही.

छातीचा भाग वर १० इंच, खाली ९, उंची ११, दुहेरी कापडाचा. पट्टे दोन इंच रुंद. खांद्यावरून मागे जाऊन पाठीवर एकमेकांना छेदतात आणि कंबरपट्टीला बटणांनी लागतात. लांबी कागदावर ठरवू नका. एप्रन कमरेला लावा, पट्टे टाचणीने मागे नेऊन, वाकून, उभं राहून, मग काजाच्या जागी खुणा करा. दर पट्ट्याला दोन काजं एक इंच अंतरावर घाला. कापड आखडलं किंवा आतून लोकरी बनियन घातलं तर उपयोगी पडतं. मे महिन्यातल्या इंग्लंडच्या पावसात ते घालावंच लागतं.

क्रॉस शिवायचा असेल तर पाच समान चौकोनांचा बेत करा, मध्ये एक, चार बाजूंना एक-एक. चौकोन सव्वा इंच धरला तर क्रॉस पावणेचार इंचांचा होतो. आतल्या चार कोपऱ्यांत कात्रीने कोपऱ्यापर्यंत जेमतेम एक छेद द्या, पाव इंच आत दुमडून इस्त्री करा, आणि हाताने न दिसणारा टाका घाला. आतल्या कोपऱ्याला धागे निघण्याचा धोका असतो, तिथे तीन-चार टाके जवळ जवळ.

खिसा उजव्या बाजूला, बाहेरून लावलेला, सात बाय आठ इंच. कात्री, पेन्सिल, रुमाल त्यात मावावा.

टोपी

युद्धाच्या सुरुवातीला रेड क्रॉसच्या मुली ‘सिस्टर डोरा’ नावाची लहान, चुण्यांची टोपी घालत. पुढे रुमालासारखी टोपी आली, आणि बहुतेक फोटोंत हीच दिसते. शिवायला सोपी, बांधायला कठीण. २८ बाय २० इंचांचा आयत, तीन बाजूंना बारीक दुमड, एका लांब बाजूला दीड इंची दुमड. ही रुंद दुमड कपाळावर येते, भुवयांच्या दोन बोटं वर. दोन्ही कोपरे कानांवरून मागे, मानेशी केसांखाली एकावर एक, आणि मोठी सेफ्टीपिन. उरलेलं कापड पाठीवर पडतं. मागचा भाग तेवढा घड्या नीट करून सोडा.

केस अंबाड्यात, खाली, मानेशी. अंबाडा नसेल तर टोपी घसरतेच, कारण पिनेला धरायला काही नसतं. लहान केसांवर मी सुती जाळीत लोकर भरून अंबाडा करते.

नीळ, खळ, इस्त्री

कापड, माप, शिलाई सगळं बरोबर असून पोशाख मरगळलेला दिसत असेल तर कारण इथे आहे. बाजारातला स्टार्चचा फवारा टोपीला ठीक, कॉलरला कामाचा नाही.

एप्रन आणि टोपीसाठी शिजवलेली खळ करा. दोन मोठे चमचे आरारूट किंवा तांदळाचं बारीक पीठ वाटीभर थंड पाण्यात कालवा, लिटरभर उकळत्या पाण्यात ओता, काचेसारखी पारदर्शक होईपर्यंत ढवळा आणि फडक्याने गाळा. न गाळलेल्या खळीच्या गुठळ्या इस्त्रीखाली पिवळ्या पडतात. कोमट असताना धुतलेला, शेवटच्या पाण्यात नीळ दिलेला एप्रन त्यात बुडवा, पिळा, सावलीत अर्धवट वाळवा. मग टॉवेलमध्ये गुंडाळून तासभर ठेवा आणि दमट असतानाच इस्त्री करा. पूर्ण वाळलेल्या एप्रनवर पाणी शिंपडून केलेली इस्त्री कधीच तशी येत नाही. आधी पट्टे, मग छाती, मग कंबरपट्टी, शेवटी घेर.

कॉलर आणि कफसाठी कच्ची खळ. एक मोठा चमचा आरारूट वाटीभर थंड पाण्यात, न शिजवता. कॉलर त्यात बुडवून बोटांनी चोळा, तिन्ही थरांत भिनली पाहिजे. कोरड्या फडक्यात दाबून पाणी काढा, पाच-दहा मिनिटांनी कडक इस्त्री फिरवा. पीठ इस्त्रीच्या उष्णतेने कापडातच शिजतं, त्यामुळे हा कडकपणा वेगळाच येतो. आधी उलट बाजू, मग सुलट, मधून कडेकडे. गरम असतानाच कॉलर काचेच्या बाटलीभोवती गुंडाळून दोऱ्याने बांधा. थंड झाली की गोलाई टिकते.

खळ केलेले कपडे वर्षभर कपाटात ठेवू नका. कसर आणि झुरळं खळीवर येतात. हंगाम संपला की सगळं पांढरं नुसत्या पाण्यात धुऊन, बिनखळीचं, सुती कापडात गुंडाळून ठेवा. नीळ-खळ पुढच्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी.

अंगावर चढवताना

काळे जाड मोजे आणि काळे बंदाचे बूट आधी, कारण कॉर्सेट घातल्यावर वाकता येत नाही. मग परकर, झगा. कॉलरचा मागचा स्टड झगा घालण्याआधीच लावून ठेवा, तो एकटीला मागे हात नेऊन लागत नाही. पुढचे स्टड, मग कफ. एप्रन कमरेला, पट्टे मागे, आणि इथे दुसऱ्या कोणाचे तरी हात लागतात. छातीचा भाग वरच्या दोन कोपऱ्यांना झग्याला आतून पिनांनी लावा. कंबरेला पांढरा, खळीचा पट्टा. टोपी शेवटी, आरसा समोर आणि दुसरा मागे धरून.

बांगड्या, कानातलं, नेलपॉलिश काढा. मनगटी घड्याळाऐवजी छातीवर पिनेने लावायचं उलटं घड्याळ. गळ्यात स्टेथोस्कोप नको, ते डॉक्टरचं हत्यार. रुग्णाजवळ जायची वेळ आली की कफ काढून एप्रनच्या खिशात टाका, बाह्या वर सारा आणि खोळी चढवा. पाहायला आलेल्या लहान मुलांना हेच सगळ्यात जास्त आवडतं, कफ का काढले ते विचारतात, आणि मग त्यांच्याशी जंतूंबद्दल, धुण्याबद्दल बोलता येतं.